नारळाएवढं भोक, ताटाएवढा खड्डा

मित्रांनो, या आठवड्याच्या टपालात मालवणजवळच्या एका किनाऱ्यावरून पत्र आलं. लिहिणारी मैत्रीण सातवीत आहे. तिचं नाव-गाव छापू नका असं तिने वर लाल शाईने लिहिलंय, 'नाहीतर मिस्त्रीकाका रागावतील.' तेव्हा नाव आपण झाकून ठेवू. प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचावा असा आहे.

तिच्या बाबांची फायबरची होडी आहे. मासेमारी बंद व्हायच्या आधी, शेवटच्या फेरीला, परतताना ती खडकावर घासली आणि पोटाला भोक पडलं. 'सोललेल्या नारळाएवढं,' असं ती लिहिते. होडी शाकारलेल्या मांडवाखाली उपडी-उताणी करून ठेवलीय. दुरुस्तीला मिस्त्री आले. पहिल्या दिवशी त्यांनी मशीनने भोकाच्या भोवती घासायला सुरुवात केली, ती थांबेचनात! संध्याकाळपर्यंत नारळाच्या भोकाभोवती जेवायच्या ताटाएवढा खड्डा झाला. आणि वर म्हणाले, "आता दोन-चार दिवस हिला हात लावायचा नाही. सुकू दे." बाबा वैतागले. नारळी पौर्णिमा जवळ आलीय, होडी पाण्यात जायला हवी. शेजारचा एक जण म्हणतोय, कशाला एवढा खटाटोप, लांबी भरून वरून रंग मारला तर दोन तासांत काम! आता आमची मैत्रीण विचारते, 'भोक बुजवायला आलेल्या माणसाने ते मोठं का केलं? ते बरोबर आहे का चूक? कारण त्या होडीत माझे बाबा बसणार आहेत.'

शेवटचं वाक्य वाचलं आणि ठरवलं, बाकीची पत्रं पुढच्या आठवड्यात. आधी हिला उत्तर.

उत्तर एका शब्दात सांगतो. बरोबर! मिस्त्रीकाकांना काम येतं. पण एका शब्दावर तू विश्वास का ठेवावास? म्हणून आता नीट पाहू.

आधी हे फायबर म्हणजे काय ते समजून घेऊ. ज्यांच्या गावाला समुद्र नाही त्यांनीही ते पाहिलेलं असतं. बागेतली गुळगुळीत घसरगुंडी, बसस्टँडवरच्या लाल-निळ्या खुर्च्या, अशा कितीतरी वस्तू त्याच्या असतात. आपण नुसतं 'फायबर' म्हणतो, पण पूर्ण नाव फायबरग्लास. म्हणजे चक्क काच! काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ, रेझिन. रेझिन आधी काकवीसारखं पातळ असतं. त्यात हार्डनर घातला की ते घट्ट होत होत दगडासारखं कडक होतं, आणि एकदा कडक झालं की पुन्हा वितळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, काचेची होडी? काचेचा पेला हातातून पडला तरी ठिकऱ्या होतात! गंमत तिथेच आहे. काच मुळात कमजोर नसते. तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. ताण आला की एखादी चीर पुढे धावते आणि काच फुटते. इंग्लंडमध्ये ग्रिफिथ नावाच्या तरुण इंजिनीयरने काचेचे बारीक बारीक धागे ओढून ते तोडून पाहिले. धागा जितका बारीक, तितकी त्याची ताकद त्याच्या जाडीच्या मानाने जास्त निघाली. कारण बारीक धाग्यात मोठी चीर मावायला जागाच नाही. त्याचा हा निबंध १९२१ साली छापून आला. होडीतला काचतंतू तुमच्या केसाच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका बारीक असतो. वाकवला तर वाकतो, विणला तर कापडासारखा विणला जातो.

असे तंतू ढिगाने करायची युक्ती मात्र चुकून सापडली. १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट नावाचा एक तरुण संशोधक काचेच्या विटा एकमेकींना जोडायचा प्रयत्न करत होता. दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर बसला आणि तिचे तंतूच तंतू उडाले! पुढच्या दहा वर्षांत त्याच देशात फायबरग्लासची छोटी होडी पाण्यावर तरंगू लागलीसुद्धा.

आपल्याकडे होड्या लाकडाच्याच असत. फळीला फळी जोडायची, फटीत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा. फळी फुटली तर? सुतार ती फळी काढतो आणि नवी बसवतो. फायबरच्या होडीला फळीच नाही. ती नाळेपासून मागच्या फळकुटापर्यंत एकच सलग साल आहे, अंड्याच्या कवचासारखी. म्हणून ती गळत नाही, कुजत नाही, वाळवी लागत नाही. पण म्हणूनच तिला भोक पडलं की बदलण्यासारखं काहीच नसतं. जे करायचं ते त्या सालीतच.

आता मुद्द्यावर येऊ. भोक पडलं म्हणजे नेमकं काय झालं? तिथे जे हजारो काचतंतू होते ते तुटले. पाणी आत येतं हे तर दिसतंच. पण न दिसणारं नुकसान असं की, होडीच्या सालीतून जो ताण तंतूंवरून पुढे पुढे जात होता, त्याची वाटच तुटली. लाटेवर होडी आपटते तेव्हा सगळी साल तो मार वाटून घेते. भोकाजवळ आला की मार थबकतो आणि काठावर गोळा होतो. नुसतं भोक बुजवून भागत नाही, तुटलेली वाट जोडावी लागते.

तुटलेला काचतंतू टोकाला टोक लावून कोणालाही जोडता येत नाही. मग?

मैत्रिणी, याचं उत्तर तुझ्या घरातच आहे. जाड दोर तुटला तर तुझे बाबा काय करतात? गाठ न मारता जोडायचा असेल तर दोन्ही टोकांचे पदर उलगडतात आणि वीतभर लांब एकमेकांत विणतात. दोन टोकं नुसती डिंकाने चिकटवून कोणी नांगर टाकील का? पुण्या-नागपूरच्या मित्रांनी आजीचं रफू आठवावं. आजी भोकापुरताच धागा घालत नाही, तर चांगल्या कापडात पुष्कळ लांबवर टाके नेते. फायबरचंही तेच. नव्या तंतूंनी जुन्या, धड असलेल्या तंतूंच्या शेजारी पुरेसं लांब झोपायला हवं, म्हणजे जुन्याचा ताण रेझिनमधून हळूहळू नव्यावर उतरतो, आणि पलीकडे गेल्यावर नव्यावरून पुन्हा जुन्यावर चढतो.

हे शेजारी झोपणं जमावं म्हणूनच मिस्त्रीकाका घासत होते. भोकाच्या काठापासून बाहेरच्या बाजूला ते उतार करत होते, चढणीच्या रस्त्यासारखा. काठापाशी साल शून्य जाडीची, आणि लांब गेल्यावर पूर्ण जाडीची. किती लांब? होडीबांधणीत नेहमी वापरतात तो हिशेब असा, की सालीची जी जाडी असेल तिच्या बारा पट लांब उतार करायचा. हे प्रमाण महत्त्वाच्या, ताण सोसणाऱ्या भागासाठी. जिथे फारसा ताण नाही तिथे कमीवर भागवतात, पण होडीचं पोट ही काटकसरीची जागा नाही.

चला, पेन्सिल घ्या. समजा साल ६ मिलिमीटर जाड आहे. बारा पट म्हणजे ७२ मिलिमीटर, ७ सेंटिमीटरच्या थोडं वर. नारळाएवढं भोक १० सेंटिमीटर रुंद धरू. दोन्ही बाजूंना ७.२ मिळवले की झाले २४.४ सेंटिमीटर. घरातलं जेवणाचं लहान ताट मोजून पाहा. आलं ना तेवढंच?

अजून एक हिशेब करा, हा मला फार आवडतो. उतार न करता भोकात बरोबर बसणारी चकती चिकटवली असती, तर चिकटायला जागा किती मिळाली असती? फक्त भोकाचा उभा काठ. परीघ गुणिले जाडी, म्हणजे ३.१४ × १० × ०.६, सुमारे १९ चौरस सेंटिमीटर. आणि उतार केल्यावर? त्या ताटाच्या गोल पट्टीचं क्षेत्रफळ काढलंत तर सुमारे ३९० चौरस सेंटिमीटर येतं. वीसपट! बीजगणिताचे गुरुजी विचारतात ना, याचा उपयोग काय? हा घ्या उपयोग.

आता शेजाऱ्यांच्या लांबीकडे वळू. लांबी म्हणजे नुसती पूड आणि चिकटा, तिच्यात लांब तंतू नसतात. ती खाच भरते, वरून गुळगुळीत दिसते, रंग मारला तर कुठे भोक होतं ते सापडतही नाही. पण ताण ती वाहून नेत नाही. मी एकदा गच्चीवरच्या फायबरच्या टाकीला हीच हुशारी केली होती. तडकेवर लांबी थापली, रंग फासला आणि घरच्यांची शाबासकी मिळवली. टाकी रोज भरते, रोज रिकामी होते, म्हणजे रोज थोडी फुगते आणि बसते. आठ-दहा दिवसांनी ती लांबी अख्खी निघून हातात आली, वाळलेल्या खरपुडीसारखी. टाकी होती म्हणून जिना ओला झाला आणि मी बोलणी खाल्ली. किनाऱ्यापासून दोन मैल आत, इंजिन चालू असताना ती खरपुडी निघाली तर काय, ते मी लिहीत नाही. बाबांना एवढंच वाचून दाखव.

मिस्त्री घासायला लागायच्या आधी आणखी एक गोष्ट करतात, ती तू पाहिलीस का? नाण्याने किंवा छोट्या हातोडीने भोकाच्या भोवती ठोकत ठोकत जातात आणि कान देऊन ऐकतात. साल धड असेल तर आवाज टणक, टक्-टक् येतो. आतले थर सुटे झाले असतील तर भद्द, थप्-थप् येतो. खडकाचा मार लागला की भोक दिसतं एवढंच, पण त्याच्या आजूबाजूलाही थर सुटतात, कधीकधी तिथे पांढुरकी झाक दिसते. तो सगळा भाग काढावा लागतो. भोक मोठं होण्याचं हेही एक कारण. मडकं घेताना आजी टिचकी मारून पाहते, तसलीच ही परीक्षा. आणि आतल्या एखाद्या फासळीच्या बुडाला तडा गेला असेल, तर ती फासळीही नीट बसवून घ्यायला हवी. नाहीतर वरचं ठिगळ कितीही छान असलं तरी होडी त्याच जागी पुन्हा वाकणार.

आता 'सुकू दे' चा अर्थ. बाबांचा खरा राग यावर आहे, आणि तो मला समजतो. रोज पाऊस, आणि मिस्त्री म्हणतात थांबा!

रेझिनचं आणि पाण्याचं वाकडं आहे. तुटलेल्या काठातून समुद्राचं पाणी तंतूंच्या कडेकडेने आत शिरलेलं असतं. शिवाय त्यात मीठ. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं ना? तसं ते मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. म्हणून आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं आणि मग सुकवायचं. ओल्या जागेवर रेझिन लावलं तर ते कडक होईल, छान दिसेल, पण चिकटलेलं नसेल. आणि इथे एक नाजूक गोष्ट आहे. होडी पहिल्यांदा बनते तेव्हा एकावर एक थर ओलेच असताना बसतात आणि सगळं रेझिन मिळून एकजीव होतं. दुरुस्तीत तसं होत नाही. जुनं रेझिन केव्हाच गोठलंय, ते नव्याला आपल्यात घेत नाही. नवं त्याला फक्त चिकटतं, गोंद लाकडाला चिकटतो तसं. म्हणूनच जागा खरखरीत हवी, स्वच्छ हवी आणि कोरडी हवी. तिन्ही हवं, यातलं एकही सोडून चालत नाही.

सुकलंय की नाही हे तू स्वतः पाहू शकतेस. मिस्त्रीकाकांना विचारून, घासलेल्या जागेवर स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा ठेव आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लाव, हवा जाता कामा नये. रात्रभर राहू दे. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब दिसले तर साल अजून ओली आहे. कोरडं असेल तर पुढचं काम सुरू करायला हरकत नाही.

पुढचं काम पाहताना तुला मजा येईल. बाहेरच्या बाजूने भोकावर मेण लावलेला एक गुळगुळीत पत्रा किंवा सनमायकाचा तुकडा होडीच्या वळणाप्रमाणे वाकवून बांधतील. हा साचा. त्याला रेझिन चिकटत नाही, नंतर तो काढून टाकतात. मग आतून थर बसू लागतील. मॅट म्हणजे बोटाएवढे तुकडे केलेले तंतू कसेही विस्कटून केलेली काचेची चटई, आणि रोविंग म्हणजे जाडीभरडी विणलेली. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची मॅट रेझिनमध्ये भिजली की साधारण एक मिलिमीटरचा थर देते. तेव्हा ६ मिलिमीटरसाठी किती थर लागतील ते तूच सांग. प्रत्येक थर लहान-मोठा कापलेला असतो, उताराच्या पायऱ्यांवर बसेल असा. आधी मोठा घालावा की आधी लहान, यावर कारागिरांत वाद आहेत आणि दोन्ही पद्धतींनी होड्या दुरुस्त होतात. मला आधी मोठा पटतो. तो एकटाच सगळ्या उताराला सलग चिकटतो, आणि शेवटी वरून घासताना कापला जात नाही. पण मिस्त्रीकाकांशी वाद घालायला जाऊ नकोस, आधी त्यांचं कारण विचार.

प्रत्येक थरावर खाचा असलेला छोटा रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढतात. बुडबुडा म्हणजे तेवढी जागा न चिकटलेली. आणि सगळे थर एका दमात घालत नाहीत. रेझिन गोठताना गरम होतं. फार थर एकदम घातले तर आत उष्णता कोंडते आणि ठिगळ तडकतं. हार्डनरचंही असंच. होडीला बहुधा पॉलिएस्टर रेझिन वापरतात, त्यात किलोला साधारण १० ते २० ग्रॅम हार्डनर पडतो. पावसाळी गारव्यात रेझिन सावकाश गोठतं, म्हणून घाई असलेल्या माणसाला वाटतं, घाला आणखी थोडा! तो थोडा महागात पडतो. हाताला कडक लागलं म्हणजे पूर्ण ताकद आली असंही नाही. त्यासाठी आणखी काही दिवस जाऊ द्यावे लागतात.

इथे मी जरा कडक आवाजात बोलणार आहे. घासताना उडणारी काचेची पूड अंगाला लागली की खाज सुटते, आणि श्वासातून आत जाणं तर मुळीच बरं नाही. रेझिनचा उग्र वास डोकं दुखवतो. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून मशीन चालू असताना आणि रेझिन कालवताना मुलांनी मांडवाबाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. मिस्त्रीकाका नाकाला नुसता रुमाल बांधत असतील तर त्यांना चांगला मास्क आणि चष्मा घ्यायला सांग. तुझं ऐकतील, मोठ्यांचं ऐकत नाहीत.

घरी करायचा प्रयोग मात्र अगदी निरुपद्रवी आहे. जुन्या वहीच्या कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. पहिल्या जोडीची टोकं नुसती एकमेकांना भिडवून मध्ये खळ लावा. दुसरी जोडी अर्धा सेंटिमीटर एकावर एक चढवून चिकटवा, तिसरी चार सेंटिमीटर. नीट वाळू द्या आणि दोन्ही हातांनी सरळ ओढा. पहिली तर उचलतानाच सुटेल. तिसरी ओढून ओढून तुटेल, पण कुठे तुटते ते नीट बघा. तीनपैकी दोनदा तरी जोडावर न तुटता शेजारच्या कोऱ्या कागदावर तुटली, तर तुमची खळ चांगली होती.

जाता जाता, गोव्याची एक गोष्ट. दिवाडी बेटावर एका छोट्या कारखान्यात 'म्हादेई' नावाची शिडाची नौका बांधली गेली, लाकडी पट्ट्यांच्या गाभ्याला काचतंतूंचं अस्तर देऊन. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने जगाची प्रदक्षिणा करून आले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे तिचीच धाकटी बहीण 'तारिणी' घेऊन नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये पृथ्वीला वळसा घालून आल्या. दक्षिण महासागरातल्या प्रचंड लाटा ज्या सालीने झेलल्या ती तुझ्या बाबांच्या होडीच्या सालीची नात्यातलीच आहे. काच तीच, फक्त आतला गाभा आणि रेझिन यांचा घाट वेगळा.

तर मैत्रिणी, आज रात्री प्लास्टिकचा तुकडा लाव. सकाळी थेंब दिसले तर बाबांना बोलावून दाखव, म्हणजे मिस्त्रीकाकांना काही बोलावं लागणार नाही. होडी पाण्यात गेली की पहिल्या दिवशी परत आल्यावर आतून त्या जागेवर हात फिरव आणि नाण्याने ठोकून ऐक. आवाज कसा आला ते मला कळव, आणि थर किती बसले तेही. माझा हिशेब सहाचा आहे. तुझ्या मिस्त्रीकाकांनी सात घातले असतील तर का, ते विचारून लिही.